संगणकाच्या बुद्धिबळातील पाठांतर : ओपनिंग बुकचे महत्त्व

बुद्धिबळाचा पट मांडला की पांढऱ्या मोहऱ्यांच्या खेळाडूपुढे पहिल्या चालीचे २० पर्याय असतात. काळ्याकडेही तेवढेच पर्याय असल्याने दोघांची एकेक चाल होताच ४०० वेगवेगळ्या स्थिती संभवतात. दोघांच्या दोन-दोन चालींनंतर चालींच्या क्रमांची संख्या १ लाख ९७ हजार २८१ वर जाते. या विस्तारात संगणकाला पहिल्याच चालीपासून एकटे सोडायचे, की शतकानुशतकांच्या अनुभवातून माणसाने जमविलेले ज्ञान त्याच्या हाती शिदोरीसारखे द्यायचे, हा प्रश्न संगणकाच्या बुद्धिबळाइतकाच जुना आहे. या शिदोरीला संगणकतज्ज्ञ 'ओपनिंग बुक' म्हणतात.

ओपनिंग बुक म्हणजे डावाच्या प्रारंभीच्या स्थिती आणि त्या प्रत्येक स्थितीत खेळण्याजोग्या चाली यांचा साठा. पटावरील स्थिती या साठ्यात सापडली तर बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, म्हणजेच 'इंजिन', काहीही विचार न करता तेथील चाल खेळतो. स्थिती सापडली नाही, की तो 'बुकबाहेर' पडतो आणि स्वतःची आकडेमोड सुरू करतो. विद्यार्थ्याने पाढे मुखोद्गत केलेले असावेत आणि पुढचे गणित मात्र स्वतः सोडवावे, तसाच हा प्रकार आहे.

एका चालीचा इतिहास

ओपनिंग बुकचे महत्त्व सर्वसामान्यांच्या लक्षात आणून देणारा डाव ११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्क येथे खेळला गेला. जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह आणि आयबीएम कंपनीचा महासंगणक 'डीप ब्लू' यांच्यातील सहा डावांच्या लढतीत पाच डावांनंतर अडीच-अडीच अशी बरोबरी होती. अखेरच्या डावात काळी मोहरी घेऊन खेळणाऱ्या कास्पारोव्हने कॅरो-कान बचाव स्वीकारला. या प्रकारात काळ्याने सातव्या चालीला राजाच्या बाजूचा उंट डी-६ चौकोनावर काढावा, हा रूढ क्रम आहे. कास्पारोव्हने त्याऐवजी एच-६ वर प्यादे सरकवून पांढऱ्या घोड्याला हुसकावून लावण्याचा प्रयत्न केला.

डीप ब्लूने घोडा मागे घेतला नाही. ई-६ चौकोनावरील प्यादे मारून त्याने त्याचा बळी दिला. काळ्याचा राजा मध्यभागी अडकला, त्याला कॅसलिंग करता आले नाही आणि अवघ्या १९ चालींत कास्पारोव्हने डाव सोडला. साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी जगज्जेता पराभूत झाला.

त्या काळातील संगणक दूरच्या लाभासाठी मोहऱ्याचा बळी देण्यास सहसा तयार होत नसत. डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासू शकत असे. मात्र हा बळी त्याने आकडेमोड करून दिला नव्हता. ती चाल त्याच्या ओपनिंग बुकात होती. डीप ब्लूच्या संघातील ग्रँडमास्टर मिगेल इल्येस्कास यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले, की ही चाल त्याच दिवशी सकाळी बुकात घालण्यात आली होती. संगणकाने जगज्जेत्याला हरविले, हे खरेच; पण निर्णायक घाव माणसाने लिहून ठेवलेल्या ओळीतून आला, हेही तितकेच खरे.

डीप ब्लूच्या जनकांनी नंतर प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधानुसार या संगणकाचे मुख्य बुक केवळ ४ हजारांच्या आसपास स्थितींचे होते. ग्रँडमास्टर जोएल बेंजामिन यांनी निक डी फर्मियन, जॉन फेडोरोविच आणि इल्येस्कास यांच्या साह्याने ते हाताने तयार केले होते. त्यातील प्रत्येक स्थिती डीप ब्लूकडून रात्रभर तपासून घेतली जाई. त्याच्या जोडीला सुमारे ७ लाख डावांवर आधारलेले एक 'विस्तारित बुक' होते. त्यातून संगणकाला थेट आज्ञा मिळत नसे; ग्रँडमास्टर मंडळी अशा स्थितीत काय खेळली आहेत, याचा केवळ कल मिळत असे.

कल्पनेचा उगम

ही कल्पना मुळात क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाची. संगणकाने बुद्धिबळ कसे खेळावे याविषयीचा त्यांचा पायाभूत निबंध १९५० साली प्रसिद्ध झाला. प्रारंभीच्या रूढ चालींचे काही क्रम यंत्राच्या स्मृतीत साठवून ठेवावेत, असे त्यांनी त्यातच सुचविले होते. यंत्र दर वेळी तोच तो डाव खेळू लागले तर प्रतिस्पर्धी एकदा जिंकलेला डाव पुन्हा पुन्हा जिंकेल, हा धोका ओळखून चालींच्या निवडीत थोडा यदृच्छेचा अंश असावा, असेही त्यांनी नमूद केले.

१९६७ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिचर्ड ग्रीनब्लाट यांनी तयार केलेला 'मॅक हॅक' हा माणसांच्या स्पर्धेत उतरलेला पहिला प्रोग्राम. त्याच्या ओपनिंग बुकची जबाबदारी लॅरी कॉफमन या तरुण खेळाडूने उचलली होती. हेच कॉफमन पुढे ग्रँडमास्टर झाले आणि 'रिब्का' व 'कोमोडो' या नामांकित इंजिनांच्या निर्मितीत सहभागी झाले.

त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा बेल प्रयोगशाळेतील 'बेल' या यंत्राचा. युनिक्स प्रणालीचे एक जनक केन थॉम्प्सन आणि त्यांचे सहकारी जो कॉन्डन यांनी ते बनविले. १९८० साली ऑस्ट्रियातील लिंझ येथे या यंत्राने संगणकांचे जगज्जेतेपद मिळविले. थॉम्प्सन यांनी त्याच्या बुकसाठी 'एन्सायक्लोपीडिया ऑफ चेस ओपनिंग्ज' या कोशाचा आधार घेतला. बेलग्रेडहून प्रसिद्ध झालेल्या या पाच खंडांच्या कोशात सर्व प्रारंभांची ए ते ई अशी वर्गवारी करून त्यांना ५०० सांकेतिक क्रमांक दिले आहेत. शेवटच्या खंडात 'किंग्ज इंडियन' बचावाला मोठी जागा आहे. या नावातील 'इंडियन' हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात जॉन कॉक्रन यांच्याशी डाव खेळणाऱ्या महेशचंद्र बॅनर्जी यांच्या खेळाशी जोडला जातो. जगभरातील इंजिनांच्या स्मृतीत भारतीय खेळाची ही खूण अशी टिकून आहे.

बुकची गरज का?

पहिले कारण दृष्टीच्या मर्यादेचे. इंजिन ठरावीक चालींपर्यंतच पुढचे पाहू शकते. प्रारंभी केलेल्या चुकीची किंमत मात्र कित्येकदा वीस-पंचवीस चालींनंतर मोजावी लागते. मोहऱ्यांचा विकास, मध्यभागावरील ताबा, राजाची सुरक्षितता या गोष्टींचे मोल जुन्या संगणकांना नेमके कळत नसे. अशा वेळी शेकडो उत्तम खेळाडूंनी तावूनसुलाखून घेतलेल्या वाटेने जाणे हिताचे ठरे.

दुसरे कारण वेळेचे. ४० चालींसाठी दोन तास असे नियंत्रण असेल तर प्रत्येक चालीला सरासरी तीन मिनिटे मिळतात. पहिल्या १५ चाली बुकातून क्षणार्धात खेळल्या गेल्या तर ४५ मिनिटे वाचतात आणि उरलेल्या २५ चालींसाठी प्रत्येकी जवळजवळ पाच मिनिटे उपलब्ध होतात. घड्याळावरील ही आघाडी तुल्यबळ लढतीत मोलाची ठरते.

तिसरे कारण वैविध्याचे. बुक नसलेले इंजिन सारख्याच परिस्थितीत बहुधा सारखीच चाल निवडते. घरी बसून सराव करणाऱ्या खेळाडूला असा प्रतिस्पर्धी लवकरच कंटाळवाणा वाटू लागतो. स्पर्धेत तर तो प्रतिस्पर्ध्यांना आयतेच सावज ठरतो. बुकमुळे कधी सिसिलियन, कधी फ्रेंच, कधी रॉय लोपेझ अशी पालट करता येते.

बुक कसे तयार होते?

बुक तयार करण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत लक्षावधी डावांच्या संग्रहातून संगणकच चाली गोळा करतो. ठरावीक मानांकनापेक्षा कमी दर्जाच्या खेळाडूंचे डाव वगळणे, एखादी चाल किमान किती डावांत खेळली गेलेली असावी याची अट घालणे, डावाच्या किती चालींपर्यंत जायचे ते ठरविणे, अशा गाळण्या लावल्या जातात. दुसऱ्या पद्धतीत जाणकार माणूस एकेक ओळ तपासून भरतो. प्रत्यक्षात उत्तम बुक या दोन्हींच्या मिलाफातून घडते. चेसबेस कंपनीच्या प्रोग्राममध्ये स्पर्धेत खेळण्यास योग्य चाली हिरव्या रंगाने आणि टाळावयाच्या चाली लाल रंगाने दाखविण्याची सोय आहे, ती अशा हाताच्या संपादनासाठीच.

बुकात डाव साठविले जात नाहीत, स्थिती साठविल्या जातात. एकाच स्थितीला निरनिराळ्या क्रमाने पोहोचता येते, हे त्यामागील कारण. वजिरासमोरचे प्यादे आधी पुढे टाकले आणि घोडा नंतर काढला, किंवा घोडा आधी आणि प्यादे नंतर, तरी काही चालींनंतर पटावर तेच चित्र उभे राहू शकते. ही स्थिती झटपट ओळखता यावी म्हणून प्रत्येक स्थितीला एक लांबलचक अंक दिला जातो. अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी १९७० मध्ये मांडलेली ही युक्ती आजही वापरात आहे. 'फ्रुट' या इंजिनाचे निर्माते फाबियँ लेतुझे यांनी रूढ केलेल्या 'पॉलिग्लॉट' या खुल्या रचनेत प्रत्येक नोंद फक्त १६ बाइटची असते. त्यात आठ बाइट स्थितीच्या अंकासाठी, दोन चालीसाठी, दोन त्या चालीच्या वजनासाठी आणि उरलेले चार शिकलेल्या अनुभवासाठी राखलेले असतात. म्हणजे एक लाख नोंदींचे बुक १६ लाख बाइटमध्ये मावते.

यातील 'वजन' ही महत्त्वाची बाब. एका स्थितीत तीन चाली उपलब्ध असतील तर कोणती किती वेळा खेळायची, हे वजनावरून ठरते. घरगुती सरावासाठी ते सैल ठेवता येते. स्पर्धेत मात्र सर्वोत्तम वाटणारी चालच खेळली जाईल, असे ते घट्ट केले जाते.

बुक घात कसा करते?

पाठांतराचे सारे दोष बुकलाही लागू पडतात. एखादी चाल ५०० डावांत यशस्वी ठरली असेल आणि अलीकडच्या एकाच डावात तिचे खंडन सापडले असेल, तर आकडेवारी जुन्या यशाचीच ग्वाही देत राहते. मोठ्या बुकांत अशा कालबाह्य ओळी दडून बसतात. विजयाची टक्केवारीही फसवी असते. बलवान खेळाडू एखादी साधारण चाल खेळूनही दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला हरवितो आणि ते श्रेय चालीच्या खात्यावर जमा होते.

दुसरा दोष विसंगतीचा. बुकाने प्याद्याचा बळी देऊन आक्रमक स्थिती मिळवून द्यावी आणि बुकबाहेर पडताच इंजिनाने ती पाहून स्वतःला मागे पडलेले समजावे, असे प्रसंग पूर्वी वारंवार घडत. मग ते आक्रमण सोडून प्यादे परत मिळविण्याच्या खटपटीला लागे आणि दोन्ही गमावून बसे. त्यामुळे चांगला बुककर्ता केवळ उत्तम ओळी निवडत नाही, तर त्या इंजिनाच्या स्वभावाला मानवतील अशा स्थिती निवडतो. नेदरलँड्सचे येरून नोमन यांनी रेबेल आणि रिब्का यांसाठी, अलेक्झांडर कुरे यांनी फ्रिट्झसाठी आणि जर्मन ग्रँडमास्टर क्रिस्टोफर लुट्झ यांनी हायड्रासाठी हेच काम केले. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या तुलनेत ही मंडळी प्रकाशझोतात कमी आली, तरी स्पर्धेतील कित्येक गुण त्यांच्या खात्यावर मांडावे लागतील.

तिसरा दोष प्रतिस्पर्ध्याच्या हेरगिरीचा. विक्रीस आलेल्या प्रोग्रामचे बुक सर्वांच्या हाती पडते. त्यातील एखादी कमकुवत ओळ हेरून तिच्यावर उतारा आपल्या बुकात भरून ठेवला, की प्रत्यक्षात आपले इंजिन दुबळे असले तरी डाव जिंकता येतो. यावर उपाय म्हणून 'बुक लर्निंग' ही सोय आली. एखाद्या ओळीत पराभव पदरी पडला तर इंजिन त्या ओळीचे वजन आपोआप कमी करते आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. 'क्राफ्टी' या प्रोग्रामचे कर्ते रॉबर्ट हायट यांनी या पद्धतीची शास्त्रशुद्ध मांडणी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली.

न्याय्य लढतीचा प्रश्न

माणूस आणि यंत्र यांच्या लढतींत बुकवरून नेहमीच वाद होत आले. माणसाला पटाशेजारी पुस्तक उघडून बसण्यास बंदी; यंत्राला मात्र लक्षावधी डावांची स्मृती खुली, ही तुलना न्याय्य कशी? यंत्राच्या बाजूने उत्तर दिले जाई, की ग्रँडमास्टरही आपल्या स्मरणातील ओळीच खेळतो. यंत्राची स्मृती यंत्राच्या पोटात आहे इतकेच.

२००६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जर्मनीतील बॉन येथे जगज्जेता व्लादिमिर क्रॅमनिक आणि 'डीप फ्रिट्झ' यांची लढत झाली, तेव्हा या प्रश्नावर एक वेगळा तोडगा काढण्यात आला. फ्रिट्झ बुकातून खेळत असेतोपर्यंत बुकातील चाली व त्यांची आकडेवारी क्रॅमनिकलाही पडद्यावर दिसत राहील, अशी अट करारात होती. तरीही क्रॅमनिक चार विरुद्ध दोन गुणांनी हरला. दुसऱ्या डावात तर एका चालीत होणारी मात त्याच्या नजरेतून सुटली. त्या चुकीचा ओपनिंग बुकशी काही संबंध नव्हता. तोवर इंजिनांची मूळ आकडेमोडच माणसाला भारी पडू लागली होती.

बुकाविना खेळ

डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंड कंपनीच्या 'अल्फाझिरो'ने या विषयाला नवे वळण दिले. केवळ नियम शिकवून स्वतःशीच खेळत राहिलेल्या या प्रोग्रामने 'स्टॉकफिश' या बलाढ्य इंजिनाविरुद्ध १०० डावांत २८ विजय मिळविले आणि ७२ डाव बरोबरीत सोडविले. एकही डाव गमावला नाही. स्टॉकफिशला ओपनिंग बुक दिले नव्हते, यावर जाणकारांनी त्या वेळी टीका केली. पुढील वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या सविस्तर निबंधात १,००० डावांच्या लढतीची माहिती आली. अल्फाझिरोने त्यात १५५ डाव जिंकले आणि ६ गमावले. बुक दिलेल्या स्टॉकफिशविरुद्धही चाचणी घेण्यात आली आणि तेथेही अल्फाझिरोच वरचढ ठरला.

त्याहून लक्षवेधी बाब अशी, की माणसाचा एकही डाव न पाहता स्वतः शिकताना अल्फाझिरो माणसांच्या परिचयाच्या अनेक प्रारंभांपर्यंत येऊन पोहोचला. काहींचा त्याने काही काळ वापर करून पुढे त्यागही केला. शतकांच्या अनुभवातून रचलेले ज्ञान अगदीच वाया गेलेले नाही, याची ती एक प्रकारे पावती होती.

२०२० साली स्टॉकफिशमध्ये न्यूरल नेटवर्कवर आधारित मूल्यमापन आले आणि प्रारंभीच्या स्थितींची जाण आणखी वाढली. आज स्टॉकफिशसोबत त्याचे स्वतःचे बुक येत नाही. हवे असल्यास ते वापरकर्त्याने पटाच्या प्रोग्राममधून जोडावयाचे असते.

जुने साधन, नवे काम

बुकची गरज मग संपली काय? उलट तिचे काम बदलले. आजची अव्वल इंजिने मूळ स्थितीतून परस्परांशी खेळली तर बहुसंख्य डाव बरोबरीत सुटतात. असे शेकडो डाव खेळवूनही श्रेष्ठ कोण, हे उमगत नाही. त्यामुळे 'टॉप चेस इंजिन चॅम्पियनशिप'सारख्या स्पर्धेत आयोजकच प्रारंभीच्या चाली निवडून देतात आणि दोन्ही इंजिनांना आळीपाळीने दोन्ही रंगांनी तीच स्थिती खेळावी लागते. यासाठी एका बाजूला थोडे झुकलेले प्रारंभ मुद्दाम निवडले जातात. काही हंगामांत ही निवड येरून नोमन यांनीच केली. स्टॉकफिशच्या नव्या आवृत्त्यांची चाचणीही अशाच असमतोल बुकांवर घेतली जाते. एके काळी इंजिनाची उणीव झाकणारे बुक आता ती उघडी पाडण्यासाठी वापरले जाते.

माणसांच्या खेळावर झालेला परिणाम याहून मोठा आहे. पूर्वी माणूस यंत्रासाठी बुक लिहीत असे; आता यंत्राने तपासलेल्या ओळी माणूस पाठ करतो. २००८ मध्ये बॉन येथे विश्वनाथन आनंदने क्रॅमनिकविरुद्ध जगज्जेतेपद राखले, तेव्हा काळ्या मोहऱ्यांनी तिसरा आणि पाचवा असे दोन डाव त्याने मेरान प्रकारातील तीक्ष्ण तयारीच्या जोरावर जिंकले. अशा तयारीत इंजिनाचा वाटा तेव्हापासून वाढतच गेला आहे. गावोगावच्या वर्गांत शिकणारी मुलेही आज वीस-वीस चाली घोकून स्पर्धेला उतरतात. घोकलेली ओळ संपल्यावर काय खेळायचे हे मात्र ज्याचे त्यालाच शोधावे लागते, आणि बुकबाहेर पडलेल्या जुन्या संगणकाची जी त्रेधा उडे, तीच अनेकदा या मुलांचीही उडते.

या पाठांतरावर उपाय म्हणून बॉबी फिशरने १९९६ मध्ये मागच्या रांगेतील मोहऱ्यांची मांडणी चिठ्ठी काढून ठरविण्याचा प्रकार सुचविला. त्यात ९६० प्रारंभस्थिती संभवत असल्याने तयार ओळी जवळपास निरुपयोगी ठरतात. जागतिक महासंघाने मान्यता दिलेली या प्रकारातील पहिली जगज्जेतेपद स्पर्धा २०१९ मध्ये नॉर्वेत झाली आणि वेस्ली सो याने मॅग्नस कार्लसनला हरवून ती जिंकली. नेहमीचा प्रकार मात्र मागे पडलेला नाही. रूढ प्रारंभांत साठलेला इतिहास आणि सौंदर्य सोडून देण्यास बहुतेक खेळाडू तयार नाहीत.

घरी इंजिनासोबत सराव करणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे : बुक सुरू ठेवल्यास प्रारंभांची ओळख होते आणि विविधता मिळते, बुक बंद ठेवल्यास इंजिनाचा स्वतःचा विचार दिसतो. बुकातील चालीवर आकडेवारी दिसली तरी ती कोणाच्या आणि केव्हाच्या डावांची आहे, हे पाहून मगच तिच्यावर विसंबावे. ती चाल का खेळली जाते हे समजून घेतले, तर ओळ मध्येच तुटली तरी पुढची वाट सापडण्याची शक्यता अधिक असते.